झोळीचा काटा

"बावीस आठशे," पुष्पाबाईंनी मान वर करून काटा वाचला. "अजून दोनशे ग्राम बसतंय. ती सुंठ टाका."

काटा आरोग्य उपकेंद्रातला होता. दाराच्या चौकटीला टांगायचा, खाली झोळी अडकवायची, झोळीत लेकरू. सव्वीस वर्षं नर्सबाई म्हणून त्यांनी पिंपळगाव रेणुकाईची लेकरं त्यावर तोलली होती. आज त्याला बॅग लटकत होती. विमानात माणशी तेवीस किलो, आणि तिकडे जर्मनीत लेक आकांक्षाचे दिवस भरत आलेले.

जर्मनीचा कोरोना-नियम, जुलै: भारतातून कोणी येऊ नये.

नियम, ऑगस्ट: दोन डोस झालेल्यांनी यावं.

त्या दिवशी पुष्पाबाईंनी पेढे वाटले. निम्म्या गावाची बाळंतपणं केलेली बाई आता स्वतःच्या लेकीच्या उशाशी बसणार होती.

नियम, त्याच पानावर, खाली, बारीक अक्षरात: यादीतल्या लसीचेच डोस.

यादीत पुण्याची लस होती, हैदराबादची नव्हती. नवऱ्यानं, अप्पारावांनी, घेतलेली पुण्याची. पुष्पाबाईंनी हैदराबादची.

नोव्हेंबर लागला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं हैदराबादच्या लसीला मान्यता दिली. "आता हप्त्यात यादीत येती बघ," म्हणत अप्पारावांनी दोन तिकिटं काढली. हप्ता गेला. दुसरा गेला. यादी जिथल्या तिथं. उद्याचं विमान.

फोन वाजला. अप्पारावांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, आज परत विचारलं गं. नाहीच म्हणतात. विमानात बसूच देणार नाहीत तुला."

पुष्पाबाई काट्याकडेच बघत राहिल्या. "जाऊ दे बाई. तवा कोनाला ठावं होतं?"

"असं काय करतेस? मी मार्चमध्येच बाबांना सांगितलं होतं. इकडे पुण्यासारखीच देतायत, दोघंही तीच घ्या म्हणून."

अप्पारावांनी फोन उचलला, "मंग करतो," म्हणाले आणि बंद केला.

एप्रिलमध्ये गावात हैदराबादची लस आली तेव्हा एक माणूस पुढे येईना. सुई घेतली की माणूस चार दिवसांत जातो, अशी कुजबुज. जानेवारीत स्वतःलाच कोरोना झाल्यामुळे पुष्पाबाईंचाही डोस राहिलेला. त्यांनी देवळासमोर दोन खुर्च्या टाकल्या, एक स्वतःला, एक नवऱ्याला. बाही वर करून सगळ्या गावादेखत टोचून घेतलं. "कोन्ती बी घ्या, सगळ्या सारख्याच!" मग रांग लागली. दुसरी खुर्ची तेवढी रिकामी राहिली. अप्पारावांना त्याच दिवशी जालन्याला काम निघालं होतं.

"त्या दिवशी जालन्याला कशाला गेल्ते तुम्ही?"

अप्पाराव बॅगेची चेन मागेपुढे करू लागले. "लसीलाच गेल्तो."

"अन् मला न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू खुर्चीवर बसली असती? तू न्हाई बसली तर गाव बसलं असतं?"

"म्हंजे गावासाठी गप राह्यले तुम्ही."

"तसं न्हाई. म्हनलं, दोघातल्या एकाचं तरी बराबर असावं."

"एकाचं," पुष्पाबाई म्हणाल्या. "अन् बाळतीन कोन शेकनार? तुम्ही?"

तेवढ्यात शेजारची गोजरबाई दारात आली. "निघाल्या का सिस्टर? म्हनलं जायच्या आधी इचारावं. सुनंला लस द्यायची हाय. कोन्ती देऊ वं?"

सात महिने पाठ झालेलं वाक्य पुष्पाबाईंच्या ओठाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"परदेशी जायचं असलं तर यादी बघून घे," त्या म्हणाल्या. "जगायचं असलं तर कोन्ती बी."

गोजरबाईला वाटलं, सिस्टर गंमत करून राह्यल्यात. ती हसत गेली.

मग पुष्पाबाईंनी स्वतःची बॅग उघडली. लुगड्यांखालचं अळीव, बाळंतशेपा, जुन्या मऊ धोतराची दुपटी काढून नवऱ्याच्या बॅगेत भरली आणि त्याचे दोन कोट, बूट बाहेर काढले. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी: केव्हा, किती. पुन्हा तोललं. बरोबर तेवीस.

"थंडी लई असती म्हने तिकडं," अप्पाराव चाचरत म्हणाले.

"असू द्या."

सहाव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मुलगी झाली होती. अप्पारावांनी तिला दोन्ही हातांवर आडवी धरली होती, ताटासारखी.

"मान! अहो, मानेखाली हात घ्या!"

"घेतला, घेतला. तीन किलो दोनशे भरली बघ!"

आवाज तुटला. पडद्यावर आधी छत आलं, मग काहीच नाही.

पुष्पाबाईंनी फोन खाली ठेवला. काटा अजून चौकटीलाच होता. त्यांनी झोळी अडकवली, आत हात घातला आणि हळूहळू खाली दाबत गेल्या. एक. दोन. तीन. तीनच्या पुढे दोन रेघा.

तिथं त्यांनी हात थांबवला. काटा हलू दिला नाही.