भोवरा

एका बटणावर फिरतो तो पंखा, भोवरा नव्हे, असं मास्तरांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की ऑफिसातल्या चहाच्या मशीनलाही पाठ झालं असावं. भोवरा हा त्यांच्या मारामारीच्या गेममधला सगळ्यात अवघड डाव. स्टिक मागून खालून पुढे अर्धवर्तुळात न्यायची, झटकन पुन्हा मागे ओढायची आणि त्याच क्षणी दोन बटणं दाबायची, तेव्हा कुठे पडद्यावरचा पैलवान गर्रकन फिरून समोरच्याला लोळवतो. हा डाव अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनीच शोधला होता. नव्या आवृत्तीत तो असाच राहणार की एका बटणावर जाणार, हे मालकीणबाई आज तीन वाजता ठरवणार होत्या.

आणि नेमक्या आज सकाळी, चाचणीला बोलावलेल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, जन्मात स्टिक न धरलेल्या, तिसऱ्याच खेपेला भोवरा मारला. आनंदाने खुर्चीतून उठल्याच त्या. मास्तरांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

संशय भाचीवर गेला. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच तिला इथे प्रोग्रामर म्हणून चिकटवली होती, आणि ती उघड उघड बटणाच्या बाजूची. "मामा, लोकांना लढायचंय, बोटांची कसरत नाही करायची," हे तिचं पालुपद. तिनेच गुपचूप डाव सैल केला असणार. म्हणजे तीन वाजता म्हणायला मोकळी, की तसाही सोपाच आहे, मग बटण का नको? परवा ती मामीशी कुजबुजत होती आणि मास्तर दिसताच दोघी हवेतल्या उकाड्यावर बोलायला लागल्या. कुंपणच शेत खातंय, दुसरं काय!

भाची जेवायला उठली तसे मास्तर तिच्या खुर्चीत बसले आणि भोवऱ्याची फाइल उघडली. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. डाव सैल केलेला होताच. अर्धवर्तुळ अपुरं राहिलं तरी चालेल, बटणाला उशीर झाला तरी चालेल.

"सापडलीस!" मास्तर पुटपुटले आणि त्यांनी तारीख पाहिली.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची. भाची तेव्हा शाळेत होती. नाव त्यांच्या बायकोचं. गेमचा पहिला प्रोग्राम तिनेच लिहिला होता. खाली तिची टीप होती: "यांच्या हाताला जमत नाहीये. चार दिवस नीट जेवलेले नाहीत. सैल केलंय. यांना सांगू नये." तिच्याखाली सात जणांनी वाचल्याची खूण केली होती.

"मामा?" मागे भाची उभी होती.

"हे सैलपण काढ."

"राहू दे ना, मामा."

"काढ म्हणतो ना!"

तिने काढलं. मास्तरांनी चाळीस वेळा प्रयत्न केला. पैलवान चाळीस वेळा जागच्या जागी उडी मारून उभा राहिला. ज्या हाताचा एवढा तोरा मिरवला त्या हाताची मास्तरांना लाज वाटली, आणि भाचीकडे न बघता ते बाहेर पडले.

बायको आवाजाच्या खोलीत होती. ठोशांचा आवाज रेकॉर्ड करायला ती चामड्याच्या बॅगेवर ओला टॉवेल आपटत होती.

"फसवलंस मला."

तिला काय ते लगेच कळलं. "फसवलं कुठे? नव्वद टक्के तुम्हीच मारत होता. उरलेलं मी भरलं." तिने टॉवेल पिळला. "भोवरा लागला की तुम्ही खुर्चीतून उठायचात, अहो. ते बघायला मला आवडायचं."

मास्तर घड्याळ बघून मालकीणबाईंच्या खोलीकडे निघाले.

तीन वाजता मालकीणबाईंनी विचारलं, "बोला मास्तर. आहे तसा ठेवायचा, की एका बटणावर?" भाची खाली मान घालून नखं कुरतडत होती. मास्तरांना खुर्चीतून उठलेल्या डॉक्टरीणबाई आठवल्या.

"बटण नको," ते म्हणाले. "आहे त्याहून अजून थोडा सैल करा. फक्त खेळणाऱ्याला सांगू नका."