दर चौरस मैली दोनशे नव्वद

मी एकशे बारा बोलतोय.

नाव विचाराल तर तेच माझं नाव. सडेखोल गावात दर चौरस किलोमीटरला राहणारी माणसं, म्हणजे मी. अमेरिकेतल्या एका संस्थेत मला दोनशे नव्वद म्हणतात. तिकडे मैल चालतो. चौरस मैल आपल्या चौरस किलोमीटरपेक्षा अडीचपट आणि वर थोडा मोठा, त्यात माणसं जास्त मावतात, म्हणून तिकडे मी मोठा दिसतो. गावात मात्र त्यामुळे एकही माणूस वाढत नाही. थंड देशात गेलेल्या माणसाच्या अंगावर जाड कोट चढतो आणि आतला माणूस तेवढाच राहतो, तसंच हे.

मला भूक लागत नाही, दुखतही नाही. सडेखोलचं क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटर. त्यामुळे गावातली पाच माणसं कमी झाली की मी एकाने उतरतो. एकच माणूस गेला तर मला धड पत्ताही लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही.

माझा जन्म अक्षयाच्या हातून झाला. ती याच गावची मुलगी. शिकायला आधी पुण्याला गेली, मग अमेरिकेत. सार्वजनिक आरोग्य हा तिचा विषय. तिथे नोकरी समोर असताना ती परत आली, तेव्हा गावाने बरेच दिवस ती नापास झाली असंच धरलं होतं.

ती परत आली त्याला कारण होतं. तिच्या शेजारच्या परशुरामकाकाला काजूच्या बागेत नाग चावला. गावात ना दवाखाना, ना गाडी. बाबलीची तीनचाकी रिक्षा तेवढी होती. तिच्यात घालून त्याला नेलं, पण वाटेतल्या कट्टा गावचा बाजार येईपर्यंत त्याचं बोलणं बंद झालं, आणि पुढच्या रस्त्यात तो गेला. अक्षयाला हे फोनवर कळलं. त्या वेळी ती लोकांना वेळेवर उपचार कसे मिळावेत यावरच एक निबंध लिहीत होती. तो निबंध तिने पुरा केला, त्याला चांगले गुणही मिळाले, आणि मग ती सामान बांधायला बसली.

त्या अमेरिकन संस्थेची तिला तिथे असतानाच ओळख झाली होती. जिथे वस्ती विरळ म्हणून कोणी डॉक्टर फिरकत नाही, अशा गावांना ही संस्था एक नर्स, औषधं आणि दारात उभी राहणारी गाडी देते. अट एकच. दर चौरस मैलाला तीनशेपेक्षा कमी माणसं हवीत, आणि मोजणी ताजी हवी. जनगणनेचा आकडा फार जुना झालेला. म्हणून अक्षयाने घरोघर जाऊन माणसं मोजायचं ठरवलं. सोबतीला बाबली आणि त्याची रिक्षा.

"घरात किती माणसं?" ती प्रत्येक खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी राहून विचारायची.

उत्तरं झटपट मिळायची. परशुरामकाकाची बायको मथुरा खळं झाडत होती. हातातला झाडू न थांबवता तिने सांगितलं, "आमी पाच."

बाबलीने मथुराकडे पाहिलं, मग वर माडाकडे पाहिलं, आणि रिक्षा चालू केली.

सगळं गाव मिळून नऊशे माणसं भरली. नऊशेला पाचाने भागलं आणि मी जन्मलो. तेव्हा मी एकशे ऐंशी होतो. चांगलं भरलेलं अंग होतं माझं.

मग मला मैलात घालायची वेळ आली. अक्षया तिकडे चार वर्षं गाडी चालवत होती. मैल दिसला की त्याचे किलोमीटर करायचे, एक पूर्णांक एकसष्टने गुणायचं, ही सवय तिच्या बोटांना लागलेली. तिने मलाही तसंच गुणलं. एकशे ऐंशी गुणिले एक पूर्णांक एकसष्ट, दोनशे नव्वद. तीनशेच्या आत! ती खुर्चीवरून उठून नाचलीच. बाबलीने कट्ट्याहून बटाटेवडे आणले. देवळासमोर उभं राहून तिने जमलेल्या लोकांना सांगितलं, आता आपल्या गावात कोणी रस्त्यात मरणार नाही.

हा सगळा आनंद माझ्या नावाने चालला होता. मला त्यातलं काही जाणवलं नाही.

आठवड्याभराने, इथली संध्याकाळ आणि तिकडची सकाळ असताना, संस्थेच्या बाई फोनच्या पडद्यावर आल्या. बाई सभ्य होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की रस्त्याला नुसती लांबी असते, जमिनीला लांबी आणि रुंदी दोन्ही असतात. तू लांबीला गुणलंस, रुंदीला विसरलीस. एकदा नव्हे, दोनदा गुणायला हवं होतं. नऊशे माणसं आणि पाच चौरस किलोमीटर म्हणजे चौरस मैलाला चारशे सहासष्ट होतात. "तुमचं गाव दाट वस्तीचं आहे," बाई म्हणाल्या. "आम्हाला फार वाईट वाटतं." मोजणीतच काही चूक सापडली तर महिनाअखेरपर्यंत पुन्हा कळवा, असंही त्या जाता जाता म्हणाल्या.

फोन बंद झाला. अक्षया बंद शाळेच्या पायरीवर बसली होती. पोरं उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागलेलं. समोरच्या रस्त्यावर एक कुत्रा झोपला होता, आणि दुसरं काहीच नव्हतं.

"काय म्हणता ती बाय?" बाबलीने विचारलं.

"गाव दाट वस्तीचं आहे म्हणते."

"दाट?" बाबली हसायलाच लागला. "अगो, कट्ट्यासून हंय येयपर्यंत माका एक पाशिंजर गावना नाय! खंयची दाट? तिका म्हण, एकदा माझ्या रिक्षेत बस."

अक्षया हसली नाही. आपल्यालाच साधा गुणाकार आला नाही, हे तिला आतून खात होतं. पण बाबलीचं बोलणंही तिच्या कानात राहिलं. नऊशे माणसं होती, तर ती होती कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मथुराकडे गेली. मथुरा जेवायला बसत होती. चुलीजवळ पेजेचा एक लहान टोप. एक ताट पुढ्यात. बाकीची चार ताटं भिंतीला उभी लावून ठेवलेली, चकचकीत, खूप दिवसांत न वापरलेली.

"ये गो बाय, बस. पेज घे वायंच," मथुरा म्हणाली.

"काकी, तुम्ही मोजणीच्या वेळी पाच म्हणालात."

"होय तर. मी, यतीन, सून आणि दोन नातवां. किती झाली?"

"यतीनदादा नालासोपाऱ्याला असतो ना?"

"मगे? म्हणान तो नालासोपाऱ्याचो झालो?" मथुराचा आवाज चढला. "देवळात गाऱ्हाणा घालतत तेव्हा काय म्हणतत, आयकलंस मा? हंय आसत तेंका सुखी ठेव, मुंबैक आसत तेंकाय सुखी ठेव. देव सगळ्यांका धरता. आणि तू कोण गो सोडणारी?"

तेव्हा अक्षयाला कळलं. सगळ्या गावाने असंच सांगितलं होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. घरात किती माणसं म्हटल्यावर इथे मुंबईचा मुलगा, ठाण्याची सून, दुबईला गेलेला भाऊ, सगळे येतात. घर बंद असलं तर शेजारी सांगतो, तेंची सात. देवळाची वर्गणी याच हिशोबाने, गाऱ्हाणं याच हिशोबाने. पिढ्यान् पिढ्या हे गाव स्वतःला असंच मोजत आलं आहे.

तिने मथुराला मैल समजावला, तीनशेची अट समजावली. मथुराने मान हलवली. "यतीनाक काढू नको," एवढंच म्हणाली.

अक्षया तापट नव्हती, पण ध्येयाने पेटलेली होती, आणि अशी माणसं कधीकधी जास्त लागेल असं बोलून जातात. "काकी," ती म्हणाली, "परशुरामकाकाक उचलून रिक्षेत कोणी घातल्यान?"

मथुराने पेजेचं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "बाबलीन. आणि मी."

"पाच जणांच्या घरातून?"

"तू आता जा," मथुरा म्हणाली.

अक्षया गेली. तिला रडू येत होतं की नाही मला माहीत नाही. तसलं मला मोजता येत नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, चुली पेटल्यावर, तिने नव्याने मोजायला सुरुवात केली. प्रश्न बदलला होता. "आज राती हंय जेवतले किती?"

आता उत्तरांना वेळ लागत होता. एका घरात म्हाताऱ्याने बोटं मोजायला घेतली आणि अंगठ्यावरच थांबला. एकीने दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "आमचा घर बंद पडला असां लिवतलंस? लिव!" एका ठिकाणी दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एक म्हणाली, "आमीच दोगी." मग त्या दोघी हसल्या, कारण एवढ्या मोठ्या घराला दोघीच, हे त्यांनी आधी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

मी उतरत होतो. पाच गेले की एक, आणखी पाच गेले की आणखी एक. एकशे साठ, एकशे चाळीस, एकशे वीस. माझ्यातून मुंबई गेली, ठाणं गेलं, दुबई गेली. हलकं वाटलं म्हणावं तर तसंही नाही.

शेवटच्या संध्याकाळी फक्त मथुराचं घर उरलं. मी तोवर अटीच्या चांगलाच आत आलो होतो. मथुरा एक म्हणाली असती काय नि पाच म्हणाली असती काय, मी तीनशेच्या खालीच राहणार होतो. तिच्या घरातल्या चौघांना वजा करून मी पूर्ण एकानेही उतरणार नव्हतो. अक्षयाला हे माहीत होतं. ती खळ्याबाहेरच थांबली.

"काकी, तुमचा नाय सांगलास तरी चलात," ती म्हणाली. "आकडो खाली इलो. तुमच्या घरची पाचच ठेवतंय. आणि त्या दिवशी बोललंय त्याचा मनात धरू नकात."

मथुरा दारात उभी होती. आत चूल पेटलेली, पण भात अजून ठेवलेला नव्हता.

"माका हुतुतूत कच्चो लिंबू म्हणान घेतल्यासारखा करू नको," ती म्हणाली. "सगळ्यांनी सांगल्यांनी मा?"

"होय."

"मगे एक लिव."

"काकी..."

"एकच जेवतलंय. कालय एकच जेवलंय, उद्याय एकच जेवतलंय. लिव म्हणतंय मा तुका? आणि वायंच मोठ्यान वाच, माका आयकाक येय असा."

अक्षयाने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "परशुराम यांचं घर. माणसं, एक."

मथुराने मान डोलावली आणि ती भात ठेवायला आत गेली.

पाचशे साठ माणसं झाली. पाच चौरस किलोमीटर. मी एकशे बारा झालो, आणि या वेळी लांबी-रुंदी दोन्ही धरून गुणल्यावर बरोबर दोनशे नव्वद. पहिल्यांदा चुकून मिळालेला आकडा दुसऱ्यांदा खरा होऊन आला होता. अक्षया त्याच्याकडे बघून घाबरली. आता यावर कोण विश्वास ठेवणार?

बाईंनी ठेवला नाहीच. "पुन्हा दोनशे नव्वद?" पडद्यावर त्यांच्या भुवया चढल्या. "आणि उरलेले तीनशे चाळीस लोक कुठे गेले?"

अक्षयाने फोन फिरवला आणि ती वाडीतून चालत सुटली. कुलूप, मग कुलूप, मग एका ओसरीवर एकटी म्हातारी, मग कुलूप. एका दारावर गेल्या चतुर्थीचं आंब्याच्या पानांचं तोरण वाळून काळं पडलेलं. बाईंच्या भुवया हळूहळू खाली आल्या.

"ते सगळे आहेत," अक्षया शेवटी म्हणाली. "ते फक्त इथे जेवत नाहीत."

नर्स आली. वर्षाली तिचं नाव, वैभववाडीची. गाडीही आली. बंद शाळेचं कुलूप काढून एक खोली साफ केली, आणि बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात मला रंगवलं. वर किलोमीटरचा मी, खाली मैलाचा मी. संस्थेला फोटो पाठवायचा होता. आता मी इथेच असतो. पाऊस लागतो तिथे माझ्या दोनाचं शेपूट थोडं उतरलं आहे.

अशा कहाणीच्या शेवटी काही मागायचं असतं म्हणतात. मला स्वतःसाठी काही नको. तुम्ही कधी एखादं गाव मोजायला निघालात, तर संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. मैलात बदलताना दोन्ही बाजूंनी गुणा. आणि मिळालेला आकडा खरा निघाला, तर तो ज्यांच्याकडून घेतलात त्यांच्या दारात थोडं थांबा. मला थांबता येत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी मथुरा दवाखान्यात आली होती. चक्कर येते म्हणत होती. वर्षालीने तिला बसवलं, रक्तदाब पाहिला आणि नवी वही उघडली. अक्षया शेजारी गोळ्यांची खोकी लावत होती.

"आजी, घरात माणसं किती?" वर्षालीने विचारलं.

अक्षयाचा हात थांबला.

मथुराने पदर सारखा केला. "पाच," ती म्हणाली.

 अक्षयाने पुढचं खोकं उचललं. वर्षालीने पाच लिहिलं.

मी बाहेर भिंतीवर होतो, एकशे बाराच.