पाव्हणं, गाव कंचं?

लढाई संपली, नाथाजी हवालदार पेन्शन घेऊन घरी आला आणि उंबरवाडीच्या झऱ्यावर त्याची दुसरी लढाई सुरू झाली. पहिली बरी होती, असं तो पुढं कितीतरी दिवस म्हणायचा. तिथं शत्रू निदान अंगावर तरी यायचा. इथं तो मोटारीतून उतरायचा, आळोखेपिळोखे द्यायचा आणि झऱ्यात पाय सोडून बसायचा.

उंबरवाडी म्हणजे वाईहून पाचगणीला चढणाऱ्या घाटातली मूठभर घरांची वस्ती. रस्ता वरून जायचा, घरं खाली उतारावर. रस्त्याच्या एका वळणावर, उंबराच्या मुळाशी, बारमाही झरा होता. त्याखाली जुन्या लोकांनी बांधलेलं लहानसं दगडी कुंड. ते भरून वाहिलं की तेच पाणी ओघळीनं खाली वस्तीत यायचं. प्यायला दुसरं पाणी नव्हतं. आता पेट्रोलची टंचाई, त्यामुळं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि ह्या चढाला त्या हटकून तापायच्या. चांदसाहेब ड्रायव्हर वळणावर मोटार उभी करायचा, इंजिनात पाणी ओतायचा आणि तोवर आतली मंडळी भराभरा खाली उतरायची.

मंडळी बहुतेक सांगलीकडची. हळदीगुळाचे व्यापारी बायकापोरं घेऊन उन्हाळ्यात पाचगणीची हवा खायला निघालेले. माणसं वाईट नव्हती हो. आपल्या घरी हीच माणसं पाण्याच्या हंड्यात कुणाला बोटसुद्धा बुडवू देत नसतील. पण घाटात पाय ठेवला की त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. कुंडातच गुळण्या, कुंडातच साबण, पोरांची दुपटी कुंडातच खळबळायची, केळ्यांच्या सालीही कुंडातच. आणि एवढं सगळं उरकून वर म्हणायची, "काय निर्मळ पाणी आहे!"

हे निर्मळ पाणी पिऊन हवालदाराची नवी सून विजयमाला आजारी पडली. कुंडलची पोर ती. तिचा बाप दादासो बैलगाडी घेऊन खालच्या वाटेनं आला, तिला माहेरी घेऊन गेला आणि परत पाठवायचं नाव काढेना. निरोप मात्र धाडला. "तुमचं पानी पिन्याजोगं झालं की पोरगी मी सोता आनून घालतो. तवर न्हाई." ह्या निरोपात चुकीचं काही नव्हतं, म्हणूनच तो फार झोंबला. नाथाजीचा मुलगा कृष्णात दिवसभर बैलांशी बोलत हिंडू लागला. नाथाजीची बायको चंद्राबाई भाकरी थापताना मध्येच डोळ्याला पदर लावायची. आणि खुद्द नाथाजी? त्याच्या मिसरच्या वाळवंटातल्या गोष्टी घरात फक्त ही सून ऐकायची. "मामंजी, मग म्होरं काय झालं?" असं विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्याला ती पोर परत हवी होती, आणि त्यासाठी झरा साफ व्हायला हवा होता.

पहिली चढाई पलटणीच्या रीतीनं झाली. खाकी डगला चढवून, काठी घेऊन नाथाजी कुंडापाशी उभा राहिला आणि मोटारीतून पहिला पाय खाली पडताच ओरडला, "हॉल्ट!" एक म्हातारी दचकून परत मोटारीत चढली. बाकीचे हसले. तो तोंडासमोर उभा असला की लोक शहाण्यासारखे वागायचे, पाठ वळली की पिचकारी कुंडात. कुंडाला चार बाजू आणि हवालदाराला तोंड एकच, तिथं काय करणार?

मग त्यानं शाळामास्तरांकडून पाटी रंगवून घेतली. "हे पिण्याचे पाणी आहे. पाय घालू नये." पाटी कुंडाशेजारी छान उंचावर ठोकली. लोकांना ती फार आवडली. पाय धुऊन झाले की ओले पंचे तिच्यावर वाळत घालायची सोय झाली.

"हवालदार," चांदसाहेब इंजिनात पाणी ओतता ओतता म्हणाला, "आनखी दोन पाट्या लावा. लुगड्यांना जागा कमी पडतीया."

ह्या टोमण्यानं नाथाजी पेटला आणि त्यानं तिसरा डाव टाकला. माणसाला भीत नाहीत तर देवाला भितील! कुंडाच्या काठावरच्या एका गोल धोंड्याला त्यानं पहाटे शेंदूर फासला, दोन फुलं वाहिली आणि झाडामागं दबा धरून बसला.

मोटार आली. लोकांनी देव पाहिला, डोळे मिटले, हात जोडले. नाथाजीची छाती फुगली. पण देवापुढं जायचं तर आधी पाय धुवायला नकोत? ते कुंडात धुतले. मग नारळ फुटला, त्याचं पाणी कुंडात, करवंट्या कुंडात. मग कुंकू. मग हळद. आणि सांगलीच्या व्यापाऱ्यांना हळदीची काय ददात! मुठीमुठीनं उधळली. चार दिवसांत कुंड पिवळंधमक झालं. वस्तीत लग्नघर नसताना ज्याची त्याची तोंडं पिवळी दिसू लागली. कृष्णातानं अंघोळीच्या घंगाळातलं पाणी बघितलं, त्याला स्वतःच्या लग्नाची हळद आठवली, आणि तो जेवलाच नाही.

"आवं, काय करून ठेवलासा हे!" चंद्राबाई म्हणाली आणि बुट्टी घेऊन करवंट्या उपसायला स्वतः वर गेली. नाथाजी मान खाली घालून मागोमाग. शेंदराचा धोंडा त्यानं आधी उचलून लांब नेऊन ठेवला.

ती उपसत असतानाच मोटार येऊन थांबली. एक बाई तान्ह्याचं दुपटं घेऊन कुंडाकडं वळली. नाथाजीनं काठी उचलली. चंद्राबाईनं नुसती मान वर केली आणि बाजारात भेटलेल्या बाईला विचारावं तसं विचारलं, "ताई, गाव कंचं म्हनायचं?"

"सांगली."

"आन म्हायेर?"

"पलूस."

चंद्राबाईच्या हातातली करवंटी गळून पडली. "अगं बया! पलूस म्हंजी कुंडलच्या बगलंलाच. आमची सून कुंडलची. म्हंजी तू आमच्या सुनंच्या म्हायेरचीच की गं! बस, बस. उनाची आलीयास."

आता माहेरचं नाव निघाल्यावर कोण बाई उभी राहील? ती बसली. पलूसचं पाऊसपाणी झालं, कुंडलच्या कुठल्या आळीत कोण नांदतं ते झालं, मग सून कुठं आहे ते निघालं, आणि ती का गेली तेही निघालं.

"ह्याच पाण्यानं आजारी पडली?" बाईनं हातातल्या दुपट्याकडं पाहिलं. मग ती उठली, तांब्याभर पाणी घेऊन लांब जाऊन तिनं दुपटं धुतलं, आणि परत येते तो तिचा नवरा गाल फुगवून गुळणी टाकायच्या बेतात. "अहो, थांबा!" ती ओरडली. "हे आपल्या माणसांचं पाणी आहे."

नवऱ्यानं ती गुळणी गिळून टाकली. इतक्या दिवसांत नाथाजीच्या 'हॉल्ट'नं जे झालं नव्हतं ते ह्या बायकांच्या गप्पांनी झालं होतं, आणि त्याला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी चक्क राग आला.

त्या दिवसापासून चंद्राबाई मोटारीच्या वेळेला वर जाऊन बसू लागली. जो उतरेल त्याला गाव विचारायची. दोनचार प्रश्नांत ती कुठूनतरी धागा ओढून काढायचीच. कुणी वहिनीच्या गावचा निघायचा, कुणी मावसदिराच्या पलटणीतल्या माणसाचा भाचा. मिरजेचे कासार हाफिजभाई निघाले, तर तिच्या हातातल्या बांगड्या त्यांच्याच दुकानच्या ठरल्या. त्यांच्या बायकोनं, सुगराबीनं, तिथंच तिच्या हातात आणखी दोन चढवल्या आणि आपल्या पोरांना दम भरला की कुंडाच्या काठावरसुद्धा चढायचं नाही. एकदा एक सुटाबुटातला साहेब उतरला. गाव विचारलं तर म्हणाला, मुंबई. "ते ऱ्हायाचं झालं. गाव कंचं?" साहेब अडखळला. मग कोकणातल्या कुठल्याशा गावाचं नाव हळूच बोलला, आणि आजी विहिरीवर वहाणा घालून चढू द्यायची नाही असं काहीसं पुटपुटत स्वतःच मागं सरकला.

कुंडाचा तळ दिसायला लागला. कुठं गेला होता कोण जाणे, कुंडातला जुना खेकडाही परतून आला.

"तुमीबी इचारा की," चंद्राबाई नवऱ्याला म्हणायची. "मला रोज सवड कुठली?"

"मी काय सोयरीक जुळवाय बसलोय व्हय?" नाथाजी गुरगुरायचा. पण झरा साफ झाल्याचा निरोप मात्र त्यानंच चांदसाहेबाच्या तोंडून धाडला. उलटा निरोप आला, "ऐकीव गोष्टीवर पोरगी धाडत न्हाई. येऊन बघतो." कधी, ते सांगितलं नव्हतं.

आणि नेमकी चंद्राबाई वाईच्या बाजाराला गेली होती त्या दुपारी मोटार आली. ऊन मी म्हणत होतं. पहिलाच जो माणूस उतरला तो धुळीनं माखलेला, झोपेतून नुकता उठलेला, डोक्याला भलाथोरला पटका. त्यानं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही. वहाणा काढल्या, कुंडाच्या काठावर बसला आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत सोडून डोळे मिटून म्हणाला, "आऽऽह!"

नाथाजीची काठी वर गेली ती वरच राहिली. तो दादासो होता. त्याचा व्याही.

आता आली का पंचाईत! ओरडावं, तर व्याह्याचा चारचौघांत अपमान, आणि पोरगी कायमची गेली. गप्प बसावं, तर सगळी वस्ती ते पायधुणं पिणार. हवालदाराला घाम फुटला. वाळवंटातसुद्धा तो इतका घाबरला नव्हता. पलटणीनं शिकवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. हाताशी होतं ते एक बायकोचं हत्यार. त्यानं घसा खाकरला.

"पाव्हणं, गाव कंचं?"

"कुंडल," डोळे न उघडता उत्तर आलं.

"कुंडलात कुनाचं?"

"दादासो म्हनत्यात मला. सगळा गाव वळखतो."

"मग हिकडं कुनीकडं?"

"लेकीच्या गावाला, उंबरवाडीला. मागं खालच्या वाटंनं गाडीनं आल्तो. ह्या रस्त्यानं लांब हाय का वो अजून? तितलं पानी लय घान हाय. लोक काय बी टाकत्यात त्यात. तेच तपासाय निघालोय, पोरीला संगं घिऊन." दादासोनं पाण्यात पायाची बोटं हलवली. "हितलं मातूर झ्याक हाय!"

नाथाजीला काही बोलायची गरजच पडली नाही. मोटारीच्या मागच्या बाजूनं, घाटाच्या वळणांनी भोवळ आलेली विजयमाला कुणाच्या तरी आधारानं खाली उतरली होती. तिनं सासरा बघितला, पदर सावरला. मग बाप बघितला. मग बापाचे पाय.

"आबा," ती म्हणाली, "ह्योच त्यो झरा."

दादासोचे डोळे उघडले. समोर व्याही, मागं लेक, खाली कुंड. त्यानं एक पाय बाहेर काढला आणि दुसऱ्याचं काय करावं हे न सुचून तसाच बसून राहिला. मोटारीतली माणसं टकामका बघत होती.

नाथाजीजवळ ह्या माणसासाठी कितीतरी दिवसांचं बोलणं साठलं होतं. एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेला. पण तो पडलेला चेहरा बघून त्याला एकदम माया आली. त्यानं काठी झाडाला टेकवली, तांब्या भरून घेतला.

"पाव्हणं, उनातनं आलासा. या हिकडं, पायावर पानी घालतो."

आणि दाराशी आलेल्या पाहुण्याला घालावं तसं, कुंडापासून लांब, रस्त्यापल्याडच्या चपट्या दगडावर उभं करून त्यानं व्याह्याच्या पायांवर पाणी घातलं. ते पाणी खालच्या गवतात गेलं.

"मला ठावं नव्हतं वो," दादासो खालच्या आवाजात म्हणाला.

"कुनालाच ठावं नसतंया," नाथाजी म्हणाला आणि दुसरा तांब्या भरायला वळला.

एवढ्यात एक कोटवाले गृहस्थ हातात साबणाची वडी घेऊन कुंडाकडं चालले. नाथाजीनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी दादासोच ओल्या पायांनी पुढं झाला.

"आवं पाव्हणं, गाव कंचं तुमचं?"

"सांगली. का हो?"

"मग आपलंच की! मी कुंडलचा." त्यानं लेकीकडं हात केला. "ही माजी पोरगी. ह्या गावात दिलीया. हितलंच पानी पिती ती."

गृहस्थांनी कुंडाकडं पाहिलं. मग पदर सावरून उभ्या असलेल्या त्या पोरीकडं पाहिलं. साबणाची वडी त्यांनी मुकाट्यानं कोटाच्या खिशात घातली, आणि रस्त्यापल्याडच्या दगडावर जाऊन, पाय पुढं करून, नाथाजी तांब्या घेऊन येईपर्यंत उभे राहिले.