निचऱ्याची नळी

बस आगाराच्या मागे एक लांबट, उथळ खड्डा तयार होत होता. पावसात आगारातलं तेलकट, गढूळ पाणी थेट तळ्यात जायचं; आता ते आधी या खड्ड्यातल्या खडीतून आणि पाणकणसांच्या मुळांतून निवळून पुढे जाणार होतं. खोदकाम मिस्त्रीचं, रोपं त्याच्या थोरल्या बहिणीच्या रोपवाटिकेतली. इंजिनिअरबाईंना गळ घालून तिला हे काम आपणच मिळवून दिलं, असं तो चारचौघांत सांगायचा.

शेवटी निचऱ्याची उभी नळी बसवायची राहिली. तिचं तोंड जेवढं उंच, तेवढं पाणी खड्ड्यात साठणार. कोवळ्या रोपांना बुडाशी दोन बोटं पाणी पुरे, असं बाईंनी बजावलं होतं. पण लेव्हल घ्यायचं सामान गाडीत होतं, गाडी लांब होती आणि मिस्त्रीचा हात पंचवीस वर्षांचा. त्याने नजरेनेच अंदाज घेतला आणि नळी पक्की करून टाकली.

दोन आठवडे पाऊस लागून राहिला. उघडीप झाली तेव्हा रोपं कुजून आडवी पडली होती. बाईंनी विचारलं, तर मिस्त्री बोलून गेला, "रोपंच कच्ची असतील."

बहीण आली. एक रोप उपटून तिने काळी पडलेली मुळं हुंगली. कीड माझ्याच वाफ्यातून आली असणार, म्हणाली. तिने बाईंची माफी मागितली. भावाचं नाव खराब झालं म्हणून त्याचीही मागितली. मिस्त्री चपलेचा चिखल काढत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटाच येऊन त्याने मोजलं. नळी चांगली वीतभर उंच होती. करवतीने कापायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बहिणीने ओळखीच्या एकाकडून नवी रोपं आणून लावली आणि महिन्याभरात ती तरारली. बाईंनी मिस्त्रीचं कौतुक केलं. पुढच्या कामाला मात्र रोपं दुसरीकडून घेऊ, म्हणाल्या. त्याने मान हलवली.

त्या संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. रोपवाटिकेचा मागचा कोपरा उघडा पडला होता. नुसती राख आणि वर चुन्याची फक्की. सहा वर्षं जोपासलेला पाणकणसांचा वाफा तिने मुळासकट काढून जाळला होता. कीड बाकीच्या रोपांत शिरायला नको म्हणून.

मिस्त्री बांधावर टेकला आणि खाली बघतच त्याने सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "वाफा होईल परत. पण महिनाभर मी तुझ्यादेखत माझ्याच हाताला दोष देत होते, आणि तू ऐकून घेत होतास."

"चुकलं, ताई."

"मला काय सांगतोस? बाईंना सांग."

सकाळी त्याने बाईंना सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच त्याला जड गेलं. पुढच्या जागेची रोपं बहिणीकडूनच घ्यायचं ठरलं. खोदकामाला दुसरा माणूस आला. मिस्त्री आता रविवारी बहिणीचा नवा वाफा खणायला जातो. ती त्याला पाणी देते, काय कुठे लावायचं ते सांगते. त्यापलीकडे अजून बोलत नाही.