पहिल्या नंबरचं गाणं

तीरोमामांनी जॅकेट दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं, आणि अंगणातल्या चटईवर परत टाकलं. त्यावर बसवलेले लोखंडी खिळे खणखणले. बाह्यांना लावलेली काळ्या चामड्याची झालर इकडेतिकडे पसरली.

"वासरांना बांधायला चांगले पट्टे निघतील याचे," ते म्हणाले. "कातडं बाकी अस्सल आहे."

गालेबोए चहा ओतत होती. तिचा हात थांबला. तिच्या भावाला, ओन्तलामेत्सेला, पुरून महिना झाला होता आणि आज त्याचे कपडे वाटायचे होते. शर्ट चुलतभावांना गेले, बूट आतेभावाला गेले. कोट मामाचा. राकोप्स गावात हे असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणी बोलायचं काही कारण नव्हतं. अडचण इतकीच, की ओन्तलामेत्सेकडे कोट म्हणून होतं ते हे एवढंच.

तो गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. गावात त्याला सगळे ग्रीस म्हणत. 'त्लादी' या हेवी मेटल बँडचा कार्यक्रम कुठेही असो, ऑक्टोबरच्या भाजून काढणाऱ्या उन्हातसुद्धा तो हेच जॅकेट घालून जायचा. त्लादी म्हणजे वीज. मामा चर्चमधले ज्येष्ठ. त्यांच्या मते ही वीज त्या पोरांवरच पडायला हवी होती. गालेबोएला जॅकेट स्वतःसाठी नको होतं. ते अख्खं राहावं, एवढंच तिला वाटत होतं. त्याच्या कोपराचा बाक अजून त्या बाहीत होता. त्यावर सुरी चाललेली तिला बघवली नसती.

"मामा, जॅकेट तुमचंच," ती कप पुढे करत म्हणाली. "पण कापायच्या आधी एकदा बघा तरी, तो काय बघायचा ते. दर रविवारी तीच तीन गाणी लावायचा."

"ते रेडे बोंबलतात ते?"

"बघ की रे दादा," सेनवेलोमावशी म्हणाली. मामांना अरेतुरे करणारी गावात ती एकटीच उरली होती. "चहा पिता पिता बघ. फारच झालं तर टोपी ओढून घे कानांवर."

फाटकापाशी बाशी बसला होता, ग्रीसचा जुना दोस्त. एरवी पाण्याचा टँकर चालवायचा, पण आज मित्राच्या मानासाठी त्यानेही पायापासून डोक्यापर्यंत चामडं चढवलं होतं. त्याने ओसरीवर टीव्ही आणून ठेवला. माग्विन्यांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, परात फिरली आणि पहिलं गाणं सुरू झालं: एका बारचं मागचं अंगण, बाटल्यांचे क्रेट, आणि धुरातून उड्या मारणारी चार माणसं.

"एक नंबर हे," बाशी म्हणाला. "ग्रीसला कधी पटलं नाही. आयुष्यभर भांडलो आम्ही यावरून. तो याला तिसरा नंबर द्यायचा."

दुसऱ्या गाण्यात गायक रेल्वेच्या रुळांवर आडवा पडून गात होता.

"गाडी वेळेवर येत नाही आपल्याकडे," मामा म्हणाले, आणि मावशीला चहाचा ठसका लागला.

"आता हे त्याचं पहिल्या नंबरचं," बाशी जरा ओशाळून म्हणाला. "खरं सांगायचं तर सगळ्यांत टाकाऊ. कॅमेऱ्यावर धूळ आहे, ड्रमवाला ताल सोडतो. पण ग्रीसपुढे काही बोलायची सोय नव्हती."

गालेबोएला हे गाणं पाठ होतं. मिठाचं पांढरं मैदान, त्यावर काळ्या कपड्यांतली माणसं, आणि मागे उभा असलेला एक बैल. बैलाला घाबरून गायक मधेच एक पाऊल मागे सरकतो. तिथे आला की भाऊ हटकून हसायचा. ती विचारायची, एवढं काय आहे यात? तो म्हणायचा, काही नाही गं, तू चहा कर.

"थांबव," मामा म्हणाले.

कप खाली ठेवून ते टीव्हीजवळ गेले. काळा बैल, पोटावर पांढरा पट्टा, डावं शिंग खाली वळलेलं.

"फात्श्वा आहे हा," ते म्हणाले. "माझा फात्श्वा."

फात्श्वाची गोष्ट ऐकली नाही असं राकोप्समध्ये कुणी नव्हतं. लग्न असो, बारसं असो, मामा ती सांगणारच. दुष्काळाच्या वर्षी गुरांच्या वस्तीवरून हा बैल सकाळी नाहीसा झाला. मामा दिवसभर माग काढत फिरले. वाळूत सिंहाची पावलं दिसली तेव्हा त्यांनी त्याची आशा सोडली. आणि सूर्य बुडता बुडता फात्श्वा एकटा, अंगावर ओरखडासुद्धा न घेता, आपल्या पायांनी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. असा बैल पुन्हा झाला नाही, असं म्हणून मामा टोपी काढायचे. त्या वेळी गालेबोए फ्रान्सिसटाउनला नोकरीवर होती. गोष्ट तिने पुष्कळदा ऐकली, बैल मात्र कधी नीट पाहिला नव्हता.

"हा इथे कसा?" मामांनी विचारलं. "मिठाच्या मैदानावर?"

बाशी आपल्या टोपीची कड चाचपत राहिला.

"बाशी, तुलाच विचारतोय."

"गायकाला शिंगंवाला बैल हवा होता मामा. ग्रीस म्हणाला, आणतो. पहाटे घेऊन आला. तुम्हाला कळायच्या आत परत नेऊन बांधणार होता, पण कॅमेरा बिघडला आणि दिवस तिथेच गेला. अंधार पडायच्या आत त्याने बैल कुंपणापाशी आणून सोडला. तुम्ही तिथे गुडघे टेकून रडत होतात म्हणे. मग त्याला पुढे यायचा धीरच झाला नाही."

"नंतर तरी सांगायचं त्याने."

"सांगणार होता. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितलीत. तो म्हणाला, आता राहू दे."

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बैलाच्या गळ्यातली दोरी दिसत होती आणि ती धरलेला एक हात, मनगटापर्यंतच. गालेबोएने इतक्या वर्षांत तो पाहिलाच नव्हता. गॅरेजमध्ये बोट चिरडण्याआधीचा, तरुण, भावाचा हात. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

तिला आठवत होतं, प्रत्येक लग्नात मामांची गोष्ट सुरू झाली की भाऊ पुढे सरकून बसायचा. तोंडाचा आ करून ऐकायचा, आणि शेवटी 'एकटा आला, मामा?' असं स्वतःच विचारायचा, म्हणजे मामांना ते पुन्हा सांगता यावं.

मामा चटईपाशी परत आले. थोडा वेळ उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी जॅकेट उचललं, या वेळी दोन्ही हातांनी, आणि रविवारच्या पांढऱ्या शर्टावर चढवलं. खांद्यांत ते ढगळ होत होतं. झालर पार गुडघ्यांशी आली. बाशीने मान खाली घातली. हसू येतंय की रडू, हे त्याचं त्यालाच कळत नसावं.

"आता तुझ्या गोष्टीचं काय करायचं रे दादा?" मावशीने हळूच विचारलं.

मामा बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दुष्काळाचं वर्ष होतं," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि अंगणातले सगळे, पाठ असूनही, जवळ सरकले. हरवलेला बैल आला, दिवसभराची पायपीट आली, सिंहाची पावलं आली. एकही शब्द बदलला नव्हता. गालेबोए हातातला कप तसाच धरून ऐकत होती.

"सूर्य बुडत होता," मामा म्हणाले. "मी गुडघे टेकून बसलो होतो. मान वर केली तर कुंपणापाशी फात्श्वा."

इथे ते थांबले, भावाच्या प्रश्नासाठी ते नेहमी थांबायचे तसे. कुणीच विचारेना. मग गालेबोएच पुढे सरकून बसली.

"एकटा आला, मामा?"

मामांनी बाहीच्या कोपरावरून हात फिरवला.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझा भाऊ घेऊन आला."