टी-पंचावन्नचा मेकअप

पिराजींनी फौजेत चोवीस वर्षं रणगाडा चालवला होता. निवृत्त होऊन जळकोटला आले, त्यालाही आता बराच काळ झाला. यंदा वाढदिवसाला पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, अमृतनं, एक खोकं पाठवलं. आत प्लास्टिकचे शेकडो बारके तुकडे. जुळवले की टी-पंचावन्न रणगाडा तयार, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. पिराजींनी भिंग लावून, चिमट्यानं एकेक चाक चिकटवत दोन महिन्यांत तो उभा केला. मग दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट घेतला आणि ब्रशनं दोन हात मारले.

सून दीक्षा संध्याकाळी पार्लर बंद करून आली तर सासरे तोंड पाडून बसलेले.

"काय झालं मामा?"

"रणगाडा व्हता, त्याचा बेडूक झाला."

दीक्षानं वाकून पाहिलं. खरंच, चकचकीत हिरवा बेडूक. रंगाचे ओघळ चाकांवर उतरले होते, तोफ माखून जाड झाली होती. तिनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. पिराजींनी डोळे वटारले आणि पुढच्या क्षणी तेही पोट धरून हसायला लागले.

"हसतीस काय पोरी! रविवारी तुळजापूरला आमचा टँकचा क्रू जमणार हाय. आपला टँक घेऊन येतो म्हणून सिद्धारामला सांगून बसलोय म्या."

रविवारला सहा दिवस होते. दीक्षानं मोबाइलवर रंगकामाचे व्हिडिओ शोधले आणि एकदम ओरडली, "मामा, हे बघा! हे तर माझंच मशीन!"

व्हिडिओतला माणूस ज्या बारक्या फवाऱ्यानं रणगाडा रंगवत होता, तसल्याच फवाऱ्यानं ती नवरीमुलींचा मेकअप करायची.

जुना रंग सुटावा म्हणून पिराजींनी गॅरेजातून ब्रेक ऑइल आणलं. त्यात बेडूक दोन दिवस बुडवला, टूथब्रशनं घासला, साबणानं धुतला. गुरुवारी दुपारी पार्लरच्या आरशासमोर, नवरीच्या खुर्चीवर, रणगाडा विराजमान झाला.

दीक्षानं रंग दुधासारखा पातळ केला आणि आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून पाहिला. मग काळं अस्तर. ते वाळल्यावर गंजासारखा तपकिरी. त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात.

"त्याला काय केस हायत का?" पिराजी म्हणाले.

"गंमत बघा तुम्ही."

हेअरस्प्रेवर तिनं फौजी हिरवा मारला. कडांना गडद, मधे किंचित फिका. पिराजी खूश झाले. तेवढ्यात तिनं ब्रश पाण्यात बुडवला आणि रणगाड्यात उतरायच्या झाकणाची कड घासायला सुरुवात केली.

"अगं, रंग निघाला! थांब, थांब!"

"निघायलाच पाहिजे, मामा. पाण्यानं खालचा हेअरस्प्रे विरघळतो, मग वरचा रंग टवके उडाल्यासारखा सुटतो."

पिराजी भिंग घेऊन वाकले. हिरव्याखालून गंज डोकावत होता. अगदी खरा. त्यांचा आवाज चढला. "आण तो ब्रश! हितं माझा बूट घासायचा. रोज उतरताना, डावा. आन हितं आमच्या क्रूतला धोंडप्पा डबा ठेवायचा जेवणाचा!"

आता त्यांना आवरणं मुश्किल झालं. "बास मामा, नाहीतर सगळाच गंजंल," म्हणत दीक्षानं ब्रश हिसकावला.

त्याच वेळी दार उघडून अर्पिता आत आली. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं आणि आज मेकअपची ट्रायल होती. आपल्या खुर्चीत रणगाडा पाहून ती दारातच थबकली.

"ताई, माझ्या आधी यांचा नंबर आहे का?"

तिघंही इतकी हसली की शेजारच्या झेरॉक्सवाल्या शरणम्मा बघायला आल्या.

उरली होती धूळ. दीक्षानं आयशॅडोची पेटी उघडली. "तुम्ही रणगाडा चालवायचा तिथं, राजस्थानात, धूळ कसली होती, मामा?"

"पांढरट. हळदीचा हात लागल्यावानी."

अर्पितानं तीन रंग आपल्याच मनगटावर ओढून दाखवले. पिराजींनी मधल्यावर बोट ठेवलं. मऊ ब्रशनं ती पूड चाकांवर, साखळ्यांवर बसली. पिराजी खुर्चीला फेरी मारत बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "दीक्षा, ह्यो चालू हुईल गं!"

रविवारी दोघं एसटीनं तुळजापूरला गेली. रणगाडा दीक्षाच्या मांडीवर, मेकअपच्या पेटीत. लॉजच्या खोलीत क्रूचे कमांडर सिद्धाराम आणि तोफ चालवणारे धोंडप्पा वाट बघत होते. गोळे भरणारे लोडर हरिबा लातूरला गुडघ्याचं ऑपरेशन करून पडले होते.

रणगाडा टेबलावर ठेवला. सिद्धारामांनी झाकणावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ निरखली.

"पिराजी, गाडी धुतली न्हाई व्हय रे?"

"न्हाय, साहेब!"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. धोंडप्पांना डब्याची जागा दिसली आणि ते लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले.

कुणी सुचवलं ते नंतर कुणालाच आठवेना, पण पाच मिनिटांत खोलीतल्या खुर्च्या हलल्या. पुढं पिराजी, मागं धोंडप्पा, त्यांच्या पाठीशी सिद्धाराम. उजवीकडची खुर्ची रिकामी.

"लोडर कुठाय?" सिद्धाराम गरजले.

तिन्ही म्हाताऱ्यांनी दीक्षाकडं बघितलं. तिनं पदर खोचला, टेबलावरची पाण्याची बाटली तोफगोळ्यासारखी उचलली आणि खुर्चीत जाऊन बसली. पिराजींनी तोंडानं इंजिन सुरू केलं. खुर्च्या थडथडायला लागल्या.

"लोड!"

दीक्षानं बाटली धोंडप्पांच्या काखेतून पुढं सारली आणि छाती भरून ओरडली, "लोडेड, साहेब!"

शेजारच्या खोलीतली माणसं दारात जमा झाली होती. दीक्षानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती दुसरी बाटली शोधत होती.