न्यायाधीशबाई माझ्यासाठी पायऱ्या उतरल्या

मी एक गाढवी बोलतेय. हसलात ना? हसा. माझं नाव तुम्ही एकमेकांना शिवी म्हणून देता, याची मला सवय आहे.

माझा जन्म वीटभट्टीवरचा. पाय जरा घट्ट झाले आणि पाठीवर खोगीर आलं. अकरा वर्षं मी विटा वाहिल्या. मालक दुष्ट नव्हता, पण त्याला सदा घाई. खोगिराच्या फळीतला एक खिळा निसटून माझ्या पाठीत रुतू लागला आणि जखम चिघळली. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला दोनदा बजावलं, "खिळा काढ आणि हिला महिनाभर विश्रांती दे." त्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. तिसऱ्यांदा डॉक्टर बोललेच नाहीत. त्यांनी सरळ तक्रार नोंदवली.

"गुन्हा शाबित झाला तर कैद होईल, गाढवीही जाईल," मालक बायकोला सांगत होता. मी थक्कच झाले. माझ्या पाठीबद्दल कायद्यात काही लिहिलेलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तारखेला मला कोर्टाच्या आवारात आणलं. चारचौघांत जायचं म्हणून मालकाने मला घासूनपुसून धुतलं होतं, खोगिराला आतबाहेर नवं लाल कापड शिवलं होतं. त्याचे वकील म्हणाले, "ही पडली, तेव्हा लागलं. माझ्या अशिलाला खिळ्याबिळ्याची कल्पनाच नाही."

तेव्हा न्यायाधीशबाई स्वतः पायऱ्या उतरून आल्या. ज्यांच्यासाठी सगळे उठून उभे राहतात, त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी खोगीर उतरवायला लावलं, आतून हात फिरवला आणि बोट झटकन मागे घेतलं. बोटावर रक्ताचा थेंब होता.

"हा खिळा ठाऊक होता तुम्हाला?"

"होता ना, बाईसाहेब," मालक अजिजीने म्हणाला. "तुम्हाला दिसू नये म्हणून तर दोन दिवस बसून कापड शिवलं."

वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला.

मालकाला तीन महिन्यांची कैद झाली, दंड झाला आणि माझ्यावरचा त्याचा हक्क गेला. मी डॉक्टरांच्या आवारात राहायला आले.

सुटल्यावर तो एकदा फाटकाशी आला. "चल गं," एवढंच म्हणाला. आणि काय सांगू, माझे पाय निघाले. अकरा वर्षांची सवय. डॉक्टरांनी फाटक धरलं. "नेता येणार नाही. कोर्टाचा कागद आहे." तो परत गेला.

माझे पाय मला थांबवू शकले नाहीत, एका कागदाने थांबवलं. मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं. ओझं वाहणारं जनावर दिसलं, तर त्याच्या मालकाला आमच्या पाठीबद्दलचा तो कायदा एकदा वाचून दाखवा.